अरमंडीचे वळण खुब्यातून हवे

महोदय,

सुट्टी लागली की सोसायट्यांच्या हॉलमध्ये भरतनाट्यमचे वर्ग भरतात आणि थोड्याच दिवसांत मुलींचे गुडघे दुखू लागतात. ‘होईल सवय’ असे सांगून पालकांची बोळवण केली जाते. मांड्या भरून येणे सवयीने जाते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला येणारी कळ मात्र बहुधा चुकीच्या अरमंडीची, म्हणजे गुडघे वाकवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीची, असते.

टाचा जुळलेल्या, पावले बाहेर वळलेली, गुडघे दोन्हीकडे उघडलेले, पाठ ताठ, ही अरमंडी. हे वळण खुब्याच्या सांध्यातून येते आणि तिथे जितके मिळते तितकेच पाऊल वळवायचे असते. फोटोसाठी दोन्ही पावले एका रेषेत ओढली की गुडघे पुढे येतात, सांध्याला पीळ बसतो, तळव्याची कमान आत बसते. घरीच तपासता येईल: मुलगी अरमंडीत असताना गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरून वजन बांधलेला दोरा सोडा. तो पायाच्या दुसऱ्या बोटावर यायला हवा. अंगठ्याच्या आत पडला, तर पावले थोडी मिटवा. टाचा उचलत असतील, तर कमी खाली बसवा.

तट्टडवूत, म्हणजे अरमंडीत तळवे आपटायच्या पहिल्या पदन्यासात, प्रत्येक आघाताला डोके वरखाली होत असेल, तर दुसऱ्या काळात, म्हणजे दुप्पट लयीत, जाऊच नये. पण परीक्षा जवळ आलेली असते! अलारिपू या पहिल्या रचनेपासून तिल्लाना या शेवटच्या रचनेपर्यंतचा नृत्यक्रम बसवला तो सरफोजीराजांच्या तंजावर दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी. तो दोन वर्षांत उरकायची घाई आपल्यालाच का, कोण जाणे.

दुसरा दोष जमिनीचा. काँक्रीटवरची टाइल जराही दबत नाही. तळव्याचा आघात तसाच नडगीत आणि गुडघ्यात परत येतो. कुदित्तमेट्टडवूत चवड्यांवर उडी घेऊन टाचा आपटतात, तो तरी टाइलवर घोटून घेऊ नये. वर फोमची चटई टाकणे हा उपाय नव्हे: पाऊल रुतते, घोटा मुरगळतो, आघाताचा नादही मरतो. लाकडी पट्ट्यांवर जाड प्लायवूड आणि पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, एवढ्याने काम भागते. सुटे तक्ते केले तर वर्ग संपल्यावर भिंतीला लावून ठेवता येतात. हॉलचे भाडे घेणाऱ्या सोसायट्यांनी निदान ते ठेवायला जागा द्यावी.

– भरतनाट्यमचे काही शिक्षक, ठाणे