सनशाइनच्या घराबद्दल

मेलबर्न

चि. सईस अनेक आशीर्वाद.

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या सनशाइन उपनगरात तू घ्यायचं म्हणतेस त्या घराचे फोटो पाहिले. आईला व्हरांडा आवडला, माझं लक्ष मागच्या आवारात अडकलं. साडेसातशे चौरस मीटर म्हणजे आठ हजार चौरस फुटांच्या वर जागा! तू पैसे मोजणार आहेस ते या जमिनीचे. लाकडी घर दर वर्षी जुनं होत जाणार. म्हणून किचन, रंग हे सगळं नंतर. आधी सेक्शन 32, म्हणजे विकणाऱ्यानं मालमत्तेची माहिती देणारा कागद, मागव आणि त्यातला जमिनीचा प्लॅन उघडून बस.

प्लॅनवर मागच्या हद्दीशी तुटक रेघांची पट्टी आणि ‘ई-1’ असं काही दिसतं का बघ. ते ईझमेंट, म्हणजे आपल्या जमिनीतली दुसऱ्याच्या वापराच्या हक्काची पट्टी. बहुतेक वेळा खालून सांडपाण्याची लाइन गेलेली असते आणि तिच्यावर परवानगीशिवाय बांधता येत नाही. फोटोत शेडजवळ गवतात काँक्रीटचं झाकण दिसतंय, तेव्हाच मला शंका आली. पट्टी कुंपणालगत असेल तर हरकत नाही. आवारातून तिरपी गेली असेल तर एवढ्या मोठ्या जागेचा काय उपयोग? ‘एकच घर बांधावं’ असं कव्हेनंट (जमिनीला चिकटलेली अट) आहे का, हेरिटेज ओव्हरले (जुन्या वास्तू जपण्यासाठीचे निर्बंध) आहे का, हेही कन्व्हेयन्सरकडून, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्याकडून, खात्री करून घे.

मग टेप लावून घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंतचं अंतर मोज. गाडीवाटेला किमान तीन मीटर लागतात. तेवढे मिळाले तर पुढचं घर भाड्यानं देऊन मागे दुसरं बांधायचा विचार करता येईल. नाहीतर आहे ते पाडावं लागेल, आणि मग भाडंही गेलं.

घर तोवर टिकायला हवं. घर ज्यांच्यावर उभं असतं ते रेडगम लाकडाचे खुंट मातीला टेकतात तिथेच कुजतात. चालताना फरशी एका बाजूला उतरते का, दारं अडतात का, बघ. पश्चिमेकडची चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पाऊस पडला की फुगते. भिंतीच्या भेगा तिच्यामुळेही असतात. बाथरूमचे आणि छपराच्या कडेखालचे पत्रे ॲस्बेस्टॉसचेच धरून चाल. पाडताना त्याचा खर्च वेगळा येतो.

एजंट डेप्रिसिएशनबद्दल, म्हणजे भाड्याच्या घराच्या घसाऱ्यावर मिळणाऱ्या करसवलतीबद्दल, बोलला तर भुलू नकोस. 1987 च्या सप्टेंबरआधी सुरू झालेल्या मूळ बांधकामावर ते मिळत नाही, नंतर केलेल्या बदलांवर मिळू शकतं. लँड टॅक्स मात्र दर वर्षी भरायचा, आणि तो जमिनीच्या किमतीवर. जमिनीची किंमत ज्याच्या वर गेली की हा कर लागतो, ती इथली (व्हिक्टोरिया राज्यातली) मर्यादा 2024 पासून तीन लाखांवरून पन्नास हजार डॉलरवर आली आहे. भाड्याचा हिशेब मांडताना तो आधी वजा कर.

लिलावात हातोडा पडला की माघार नाही; एरवी खरेदी रद्द करायला मिळणारी कामाच्या तीन दिवसांची मुभा तिथे लागू होत नाही. त्यामुळे बिल्डिंग इन्स्पेक्शन लिलावाच्या आधीच करून घे, पाचसातशे डॉलर गेले तरी चालतील. ईझमेंट कडेला निघालं आणि गाडीवाट मिळाली, तर माझ्या मते घे. शनिवारी मी येतो, टॉर्च घेऊन फरशीखाली मीच बघतो.

तुझे बाबा