कॉलेजच्या लेडीज रूमच्या मावशींना

ती. मावशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

नात यंदा आपल्याच फर्ग्युसन कॉलेजला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने तीन क्लबांत नाव घातलं. मला हसू आलं. आमच्या वेळी क्लब म्हणजे जेवणाचा. हॉस्टेलची मुलं ‘क्लबात जातो’ म्हणायची ती आमटीभात जेवायला. बाकी सगळी मंडळं. वाङ्मय मंडळ, वादविवाद मंडळ, नाटकवाले, आणि सगळ्यांच्या डोक्यावर जिमखाना. परवा नात रात्री साडेनऊला घरी आली. कुणाबरोबर आलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “एकटीच. का गं?” त्या ‘का गं’वर मला तुम्ही आठवलात.

मी वाईहून आले ती १९५७च्या जूनमध्ये, प्रीव्हियसला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. टिळक रस्त्याला लागून एका वाड्यात लांबच्या काकांकडे राहायचे. काकांची अट एकच, दिवेलागणीला मुलगी घरात हवी. आणि नाटकाच्या तालमी तर सुरूच व्हायच्या सहाला, कारण सायन्सच्या मुलांची प्रॅक्टिकलं त्याआधी सुटत नसत. मुलांना काय, तालीम संपली की गुडलकमध्ये चहा, नाही तर आज वैशाली आहे तिथल्या मद्रास हेल्थ होममध्ये इडली. गॅदरिंगच्या एकांकिकेत बायकांची दोन कामं होती आणि मुली मिळत नव्हत्या. एखाद्या गोऱ्या पोराला मिशी काढायला लावू, असं शेवटी ठरत आलं होतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ सालीच सुरू झाली होती, बाहेर बायका रंगभूमीवर कामं करत होत्या, आणि आमच्याकडे अजून मिशीच निघणार होती!

मी लेडीज रूममध्ये डबा उघडून रडत होते. तुम्ही पाण्याचा माठ पुसत होतात. मागे न वळता म्हणालात, “मी येते ना सोबत. त्यात काय रडायचं?”

त्याच संध्याकाळी तुम्ही वाड्यात आलात. काकांशी चकार शब्द बोलला नाहीत. थेट स्वयंपाकघराच्या दाराशी बसलात, काकूंबरोबर वाल सोलू लागलात, आणि अर्ध्या तासाने काकूच बाहेर येऊन काकांना म्हणाल्या, “तिच्याबरोबर बाई आहेत.” विषय संपला.

तुमची ड्यूटी साडेपाचला संपायची. किल्ली ऑफिसात देऊन तुम्ही तालमीच्या खोलीबाहेर पायरीवर बसायचात, मांडीवर कापूस. एका तालमीत वातींचा एक जुडगा व्हायचा. मान खाली, बोटं चालू. मी दुसऱ्या प्रवेशात एका वाक्याला हमखास अडकायचे. प्रॉम्प्टर पान शोधेपर्यंत पायरीवरून शब्द यायचा, हळू आवाजात, मान वर न करता. लिहिता-वाचता येत नाही म्हणायचात, पण माझं सगळं काम तुम्हाला पाठ होतं.

मग आपण निघायचो. कॉलेजच्या फाटकातून डेक्कन, लकडी पूल. पूल ओलांडला की तुमचं घर डावीकडे, ओंकारेश्वराच्या अंगाला. माझं सरळ पुढे. तुम्ही आधी मला वाड्याच्या दिंडीपर्यंत आणायचात आणि मग तेवढंच मागे फिरायचात. वाटेत मी अखंड बोलायचे. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला वही दिली, सी.आर., म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, कसा शेफारलाय.

हिशेबाचीही गोष्ट सांगायलाच हवी. त्या वर्षी एक एप्रिलपासून नवे पैसे आले होते, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर. आण्यांचे कोष्टक सगळ्यांना पाठ, तरी डोकं आण्यातच चालायचं. तालमीच्या चहाची वर्गणी माणशी दोन आणे, आणि वही माझ्याकडे. महिनाअखेरीला पंचवीस नवे पैसे कमी भरले. मंडळातला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, मुलींकडे पैसे दिले की असंच व्हायचं. मी रात्रभर जागून बेरजा केल्या, बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाती बाजूला ठेवल्या आणि फरशीवर चिंचोके मांडलेत. दोन आणे म्हणजे साडेबारा नवे पैसे. अर्धा पैसा कुणी द्यायचा, म्हणून कोष्टकात बारा. चौघांनी बारा-बारा दिले की अठ्ठेचाळीस, पण चहावाला चार चहांचे आठ आणे घेणार, म्हणजे पन्नास. दर चार कपांना दोन पैसे जात होते. पन्नास कप झाले होते. मी ते चिंचोके तसेच्या तसे रुमालात बांधून नेले आणि मंडळाच्या टेबलावर मांडून दाखवले. तो मुलगा पुढे बँकेत मोठा साहेब झाला म्हणे.

३० नोव्हेंबरला तालीमच झाली नाही. पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले होते, संयुक्त महाराष्ट्राची निदर्शनं होती, आणि निम्मी मंडळी काळे झेंडे घेऊन आमच्या वाईच्या पसरणी घाटात. मला जाता आलं नाही म्हणून मी फुरंगटले. तुम्ही म्हणालात, “घाटापर्यंत सोबत करायची तर माझे पाय तेवढे नाहीत गं.” मावशी, तुम्ही खरंच आला असतात असं मला अजून वाटतं.

गॅदरिंगला मी नेसले ते तुमचं हिरवं नऊवारी. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडचं फाटकं निघालं आणि तुम्ही घरी जाऊन पेटीतलं घेऊन आलात. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. दुसऱ्या दिवशी फिशपॉन्डमध्ये, म्हणजे थट्टेच्या निनावी चिठ्ठ्या वाचतात त्यात, माझ्या नावाने चिठ्ठी निघाली, ‘नाटकात हिरॉइन एक, पहारेकरी एक.’ सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि त्या दिवशी घरी जाताना तुमच्यापासून चार पावलं पुढे चालले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. आज मागते.

१९६१च्या एप्रिलमध्ये बी.ए.ची परीक्षा दिली, मे महिन्यात लग्न होऊन नागपूरला गेले. जुलैत पानशेतचं धरण फुटलं. सुट्टीत आले तेव्हा ओंकारेश्वराकडे गेले, तर तुमच्या घराच्या जागी ओला गाळ आणि एक उंबरा. माणसं सुखरूप आहेत, बाई मुलीकडे गेल्या, एवढंच शेजारच्या पडवीतल्या आजी सांगू शकल्या. कुठल्या गावी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मुलगी. चार वर्षं मी रस्ताभर तुम्हाला माझ्याच गोष्टी सांगितल्या, आणि तुम्हाला मुलगी आहे हे मला त्या गाळात उभं राहून कळलं. तेव्हा ती केवढी असेल? रात्री आठ-साडेआठपर्यंत तुम्ही माझ्यासाठी पायरीवर बसायचात, तेव्हा तिच्यापाशी कोण असायचं?

ती हे वाचत असेल, तर तिला सांगायचं आहे. गॅदरिंगचा ग्रुप फोटो माझ्याकडे आहे. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी मी, आणि अंगावर तिच्या आईचं हिरवं लुगडं. फोटो काळा-पांढरा आहे, हिरवा रंग मी सांगते म्हणून. हवा असेल तर तिने कळवावं. मी स्वतः घेऊन येईन, नात सोबतीला आहे.

तुमची,
वाईची मुलगी