आमोसची टोपली आणि दानीएलचे आकडे

पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. फोनवर उत्तर देता आले असते, परंतु हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून आज सवड काढून लिहायला बसलो आहे. काकूंच्या प्रार्थनेच्या गटात कोणीतरी बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले आकडे मांडून जगाच्या शेवटाचे वर्ष काढले, आणि 'आता थोडक्या दिवसांसाठी डोळ्याला कात्री कशाला लावून घ्यायची' असे म्हणून काकूंनी मोतीबिंदूची ठरलेली शस्त्रक्रिया रद्द केली, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. ते पशू, ती शिंगे, तो रक्तासारखा चंद्र यांचा खरा अर्थ काय आणि काकूंना काय सांगावे, असे तू विचारले आहेस. काकूंची श्रद्धा मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि तिला धक्का लागेल असे एक अक्षरही मी लिहिणार नाही. उलट मला असे वाटते की ज्याने हे वर्ष काढले, त्यानेच ही पुस्तके पुरेशी मनावर घेतलेली नाहीत. त्यांतले प्रत्येक चित्र कुठल्या तरी खऱ्या गावी, खऱ्या संकटात जन्मले आहे, आणि पुढे दुसऱ्या संकटात सापडलेल्या माणसांनी ते उचलून आपल्या दुःखासाठी पुन्हा वापरले आहे. तारीख काढण्यासाठी ते कोणी रेखाटले नव्हते.

आमोसपासून सुरुवात करतो, कारण 'परमेश्वराचा दिवस' हे शब्द वापरणारा सर्वांत जुना संदेष्टा तोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला हा माणूस यहूदातल्या तकोवा गावचा, मेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची फळे पिकवणारा. ती फळे पिकावीत म्हणून त्यांना एकेक करून चिरा द्याव्या लागत. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात काळ सांगितला आहे तो 'भूकंपाच्या दोन वर्षे आधी' असा. तो भूकंप इतका मोठा होता की जखऱ्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, जैतुनांचा डोंगर दुभंगण्याचे चित्र रंगवताना, 'उज्जीया राजाच्या काळी भूकंपापुढे पळालात तसे पळाल' असे म्हटले आहे. म्हणजे शेवटच्या दिवसाचा भूकंप आकाशातून पडलेला नाही, तो आजोबा-पणजोबांनी सांगितलेल्या आठवणीतून आला आहे.

आमोसने ज्याला इशारा दिला ते उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य त्या वेळी सुखात होते. 'परमेश्वराचा दिवस' म्हणजे आपल्या शत्रूंची खोड मोडण्याचा आणि आपल्या विजयाचा दिवस, अशी लोकांची ठाम समजूत होती आणि ते त्या दिवसाची वाट पाहत होते. आमोसने त्यांना सांगितले की तो दिवस उजेडाचा नसून अंधाराचा असेल. सिंहापासून पळालेल्या माणसाला अस्वल गाठावे, किंवा त्याने कसाबसा घरात शिरून भिंतीला हात टेकावा आणि तिथेच त्याला साप चावावा, तसे तुमचे होईल. मला त्यातली भिंत सर्वांत भयंकर वाटते, कारण माणूस सुटलो असे समजून घरच्या भिंतीला टेकतो.

आता त्याच्या आठव्या अध्यायातली टोपली पाहा. 'आमोसा, तुला काय दिसते?' असा प्रश्न होतो आणि तो म्हणतो, 'उन्हाळी फळांची टोपली.' लगेच उत्तर येते, 'माझ्या इस्राएल लोकांचा अंत आला आहे.' मराठीत वाचताना फळांचा आणि अंताचा संबंध लागत नाही आणि आपण पान उलटतो. इब्रीत मात्र उन्हाळी फळाला 'कायित्स' म्हणतात आणि अंताला 'केत्स'. लिहिताना फरक फक्त मधल्या 'योद' या अक्षराचा, आणि ते त्या लिपीतले सर्वांत लहान अक्षर आहे. इस्राएलमधल्या गेझेर या प्राचीन नगराच्या जागी 1908 मध्ये चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. तिच्यावर वर्षभराची शेतीची कामे महिन्यांप्रमाणे कोरलेली आहेत, आणि अगदी शेवटी उन्हाळी फळांचा महिना येतो. तिथे तो शब्द 'योद'शिवाय, म्हणजे 'अंत' या शब्दासारखाच लिहिलेला आहे. फळे उतरवली की शेतकऱ्याचे वर्ष संपते. आमोसच्या तोंडून 'टोपली' ऐकणाऱ्याच्या कानात 'अंत' आधीच वाजत असणार.

आणि अंत का आला, तेही तिथेच सांगितले आहे. व्यापारी विचारतात, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, कधी संपेल, म्हणजे आम्हाला धान्याची कोठारे उघडता येतील, माप लहान करता येईल, वजन जड करता येईल, काट्यात खोट ठेवता येईल, आणि गव्हाबरोबर गाळसाळही विकता येईल. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात, अगदी तेच. त्याच अध्यायात भर दुपारी सूर्य मावळतो. आमोसच्या लेखी शेवटाची खूण आधी बाजारातल्या तराजूवर दिसते, आकाशात नंतर.

बाकीच्या संदेष्ट्यांविषयी थोडक्यातच लिहितो, नाहीतर पत्र संपायचे नाही. सफन्याने त्या दिवसाचे वर्णन 'क्रोधाचा दिवस' असे केले, लॅटिन भाषांतरात त्याचे 'दिएस इरे' झाले, आणि त्याच शब्दांनी सुरू होणारे मध्ययुगीन गीत कित्येक शतके रोमन कॅथलिक अंत्यविधीत म्हटले जात होते. योएलने टोळधाड पाहिली. त्याने टोळांसाठी एकामागून एक चार निरनिराळे शब्द वापरले आहेत, एकाने ठेवलेले दुसऱ्याने खाल्ले, दुसऱ्याने ठेवलेले तिसऱ्याने. 2020 च्या मे महिन्यात विदर्भात टोळ उतरले तेव्हा शेतकरी ताटे-डबे वाजवत शेतात धावले होते, ते तुला आठवत असेल. ज्याने हे पाहिले आहे त्याला योएलचे पहिले दोन अध्याय समजावून सांगावे लागत नाहीत. टोळांचे रूप घोड्यांसारखे, दात सिंहाचे, सूर्य काळवंडलेला आणि चंद्र रक्तासारखा. यांतली सूर्य-चंद्राची चित्रे पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याने यरुशलेमेत उद्धृत केली, पण त्याने ती पवित्र आत्मा सर्वांवर ओतला गेल्याच्या आनंदात केली, आणि 'हे आज घडत आहे' असे म्हटले. पुढे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तेच टोळ अगाधकूपातून, म्हणजे तळ नसलेल्या खाईतून, वर येतात, घोड्यांसारखे आणि सिंहाच्या दातांचे, मात्र त्यांना गवताला आणि झाडांना हात लावायची मनाई आहे. ज्या टोळाने शेत खायचे नाही तो शेतातला टोळ राहिलाच नाही. एका पिढीची आपत्ती दुसऱ्या पिढीची भाषा कशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

काकूंना ज्या आकड्यांनी घाबरवले आहे, त्या दानीएलकडे आता येतो. इब्री पवित्र शास्त्रात दानीएल संदेष्ट्यांच्या विभागात नाहीच, तो स्तोत्रे आणि नीतिसूत्रे यांच्यासह 'लेख' या शेवटच्या विभागात आहे. ख्रिस्ती शास्त्राने त्याला यहेज्केलच्या शेजारी बसवले. सातव्या अध्यायात समुद्रातून चार पशू वर येतात: सिंह, अस्वल, चित्ता, आणि लोखंडी दातांचा चौथा, ज्याच्या डोक्यावर मोठ्या गोष्टी बोलणारे लहान शिंग उगवते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे शिंग म्हणजे सीरियाचा राजा अंत्युखस एपिफानेस. त्याने इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमेच्या मंदिरात परक्या देवाची वेदी उभारली. यहुदी धर्म पाळणाऱ्यांना, मुलांची सुंता करणाऱ्यांना ठार मारले जात होते. 'एक काळ, दोन काळ व अर्धा काळ', म्हणजे साडेतीन वर्षे, हा आकडा त्या माणसांसाठी आहे. सात हा पूर्णत्वाचा आकडा, आणि साडेतीन हा त्याचा निम्मा. जुलूम पूर्ण होणार नाही, मध्येच तुटेल, असे तो आकडा सांगतो. इ.स.पू. 164 मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झाले, आणि यहुदी लोक हनुक्का हा सण आजही त्याच आठवणीत पाळतात. आजारी माणसाच्या उशाशी बसून 'आता थोडेच, आता थोडेच' असे आपण म्हणतो, त्या जातीचा हा हिशेब आहे. त्याच आकड्याने म्हाताऱ्या बाईची झोप उडवणे मला खरोखर पाप वाटते.

तसे पूर्वीही झाले आहे. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या सरळमार्गी शेतकऱ्याने दानीएलच्या आठव्या अध्यायातल्या 2300 दिवसांची वर्षे धरली, ती इ.स.पू. 457 पासून मोजली आणि प्रभूचे येणे 1843 च्या सुमारास ठरवले. पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवसच नक्की केला. हजारो लोक वाट पाहत राहिले, काहींनी शेतातले पीक उभेच सोडले होते. त्यानंतरची सकाळ त्यांच्या इतिहासात 'मोठी निराशा' या नावाने ओळखली जाते. त्या माणसांना हसावेसे मला कधीच वाटले नाही. त्यांच्या उभ्या पिकाची आठवण मात्र काकूंच्या डोळ्यांविषयी वाचताना झाली.

प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने पात्म बेटावर हे सारे कसे वापरले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. प्रकटीकरणाच्या चारशेहून अधिक वचनांत 'अमुक संदेष्ट्याने म्हटले आहे' असे एकदाही येत नाही, आणि तरीही जवळजवळ प्रत्येक ओळीत कोणीतरी संदेष्टा बोलत असतो. यशयाचे गुंडाळीसारखे गुंडाळले जाणारे आकाश, जखऱ्याचे रंगीत घोडे, यहेज्केलने खाल्लेला मधासारखा ग्रंथपट, सगळे तिथे आहे. फक्त योहानाच्या पोटात गेल्यावर तो ग्रंथपट कडू होतो. दानीएलचे पशू तर त्याने एकाच श्वापदात एकवटले: अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे, आणि ते श्वापद म्हणजे त्याच्या काळचे रोम. ज्या रोमने इ.स. 70 मध्ये यरुशलेमेचे मंदिर जाळले, त्याला तो 'बाबेल' (बॅबिलॉन) म्हणतो, कारण पहिले मंदिर बाबेलने जाळले होते. दानीएलला 'हे पुस्तक मोहोरबंद करून ठेव' अशी आज्ञा होती, योहानाला 'मोहोरबंद करू नकोस' अशी आहे. त्याचे वाचक आपल्यासाठीच लिहिलेले वाचत होते, आणि ते त्यांना कळत होते.

एका ठिकाणी तर त्याने जुने चित्र उलटेच केले आहे. पाचव्या अध्यायात स्वर्गातल्या वडीलजनांपैकी एक जण सांगतो की यहूदाचा सिंह जिंकला आहे. योहान वळून पाहतो तो तिथे वधलेला कोकरा उभा असतो. पुढे ज्या ज्या वेळी कोणी या पुस्तकाच्या बळावर दुसऱ्यांवर तलवार उगारली, त्या त्या वेळी त्याने हे वळून पाहणे टाळले, असे मला वाटते. आणि आमोसचा तो सिंह-अस्वल-सापाचा इशाराही योहान विसरलेला नाही. 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही' म्हणणाऱ्या लावदिकीयाच्या मंडळीला त्याने जितके कठोर सुनावले आहे, तितके ज्या सात मंडळ्यांना त्याने हे पुस्तक लिहिले, त्यांपैकी दुसऱ्या कोणालाच सुनावलेले नाही.

आपल्या अलिबागकडच्या एका आठवणीशिवाय हे पत्र मला पुरे वाटणार नाही. आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातले, एक कुटुंब होते, घरात मराठीच बोलणारे. कोणाचे नवस फेडायचे असले की त्यांच्याकडे मलिदा होई: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळे आणि खजूर, आणि एलियाहू हन्नाबीचे गाणे. आम्हा मुलांना द्रोणात मलिदा मिळायचा. जवळच्या खंडाळे गावच्या कातळावर एलियाहूच्या घोड्याची टाप उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा. हा एलियाहू म्हणजे तुझ्या-माझ्या शास्त्रातला एलीया. 'मोठा व भयंकर दिवस येण्यापूर्वी मी एलीयाला पाठवीन' असे मलाखीच्या शेवटी आहे. आपला जुना करार तिथेच संपतो आणि पान उलटताच बाप्तिस्मा करणारा योहान त्या रूपाने येतो. त्यांचे शास्त्र मात्र इतिहासाच्या पुस्तकाने, कोरेश राजाने बंदिवानांना घरी जायची मोकळीक दिली तिथे संपते, आणि एलियाहूची वाट ते अजून पाहत आहेत. पण त्या घरात ही वाट पाहताना मी भीती कधी पाहिली नाही. आजीबाई पोह्यांवर नारळ पसरत, आणि त्या भयंकर दिवसाच्या आधी येणाऱ्याला पाहुण्यासारखे बोलावत.

काकूंना काय सांगावे, हे तूच ठरव. माझ्या मनात यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय आहे. यरुशलेमेला वेढा पडलेला, नगर पडणार हे यिर्मयानेच सांगितलेले, त्याबद्दल तो स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला येतो, आणि यिर्मया ते घेतो. 17 शेकेल रुपे काट्यात तोलतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, 'म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील'. ज्याला शेवट खरोखर दिसला होता, त्या माणसाने हे केले.

डॉक्टरांकडून नवा दिवस मिळाला की कळव. मी आदल्या संध्याकाळी नगरला येतो. माझ्याकडे मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र आहे, ते बरोबर आणीन. तो अध्याय मी वाचून दाखवीन, आणि पट्टी निघाल्यावर काकूंना तो स्वतः वाचता येईल.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना शेजारी