प्रायव्हेटच्या नादी लागू नकोस

स्टुटगार्ट, रविवार दुपार

प्रिय संज्या,

तुझा कालचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. ऑफर आली, व्हिसाचं मार्गी लागलं, झकास! पण शेवटी जाता जाता विचारलंस ना, 'इन्शुरन्सवाला म्हणतोय आरोग्यविमा प्रायव्हेट घ्या, स्वस्त पडेल, डॉक्टरही पटकन भेटतो, घेऊन टाकू का?' त्याला नुसतं 'नको' लिहून भागणार नाही. तू 'का?' विचारणार, मग तासभर फोन. त्यापेक्षा पत्र बरं. रविवारी इथे जर्मनीत दुकानं बंद असतात, पाऊसही लागलाय, मला दुसरं काम नाही.

आधी डोक्यातलं सिव्हिल हॉस्पिटल काढून टाक. पब्लिक म्हटलं की आपल्याला केसपेपरची रांग आणि जिन्याखाली टाकलेली गादी दिसते, प्रायव्हेट म्हटलं की एसी लॉबी. मीही पहिले सहा महिने तसंच समजत होतो. इथे भेद दवाखान्यांचा नाही, विम्याचा आहे. डॉक्टर तोच, हॉस्पिटल तेच, एक्स-रेचं मशीनही तेच. फक्त प्रायव्हेटवाल्यांनाच घेणारे डॉक्टर असतात, पण थोडे.

पब्लिक विमा चालवतात त्या संस्थांना 'क्रांकनकासे' म्हणतात. मूळ कायदा बिस्मार्कच्या काळातला, १८८३ चा, कामगारांसाठी केलेला. आज दहातले जवळपास नऊ लोक त्यातच आहेत. हप्ता तुझ्या पगारावर ठरतो, तब्येतीवर नाही. पगाराचे १४.६ टक्के, वर प्रत्येक कासेचा आपला थोडा जादा टक्का, आणि या सगळ्यातलं अर्धं कंपनी भरते. एका मर्यादेच्या वरच्या पगारावर हप्ताच लागत नाही. तरी पहिली पगाराची स्लिप बघून पोटात गोळा येईल, ते सोड. मनीषा नोकरी सोडून येतेय ना? ती आणि ओजस तुझ्याच हप्त्यात बसतात, वेगळा एक सेंट नाही.

नोकरी करणाऱ्याला प्रायव्हेटमध्ये जायचं तर पगार एका रेषेच्या वर लागतो. यंदा, २०२६ मध्ये, ती वर्षाला ७७,४०० युरो आहे. तुझा पगार जेमतेम तिच्यावर आहे, म्हणून तर त्या इन्शुरन्सवाल्या भाऊंना तू दिसलास! प्रायव्हेटचा हप्ता तुझं वय आणि तब्येत बघून ठरतो. तिशीतल्या ठणठणीत, एकट्या माणसाला तो खरंच स्वस्त पडतो. तू एकेचाळीस, त्यात तुझी शुगर. फॉर्मवर सगळे आजार विचारतात. खरं लिहिलंस तर जादा हप्ता लावतील किंवा सरळ नाही म्हणतील. आणि लपवायचा विचारसुद्धा करू नकोस, उद्या तेच कारण काढून करार मोडतील. शिवाय तिघांचे तीन हप्ते. कासेला मात्र तुला तुझ्या शुगरसकट घ्यावंच लागतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणशील एकतर्फी सांगतोय. गेल्या वर्षी पाठीवरचा एक तीळ वाढलाय असं वाटलं म्हणून कातडीच्या डॉक्टरकडे फोन केला. फोन घेणाऱ्या बाईंनी नावाच्याही आधी विचारलं, "गेझेत्सलिश ओडर प्रिवाट?" म्हणजे पब्लिक की प्रायव्हेट. मी म्हटलं पब्लिक. कीबोर्डची टकटक, मग एकदम गोड आवाजात, "साडेचार महिन्यांनी, चालेल?" ऑफिसातल्या प्रायव्हेटवाल्याने त्याच दवाखान्यात फोन केला, त्याला परवाची वेळ! असा संतापलो की जेवण गेलं. कारण साधं आहे, प्रायव्हेट पेशंटचं बिल डॉक्टरला चढ्या दराने लावता येतं. कायदेशीर आहे, पण डोक्यात जातं.

मग शेजारच्या आजींनी युक्ती सांगितली. आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून, त्याला 'हाउसआर्ट्स्ट' म्हणतात, तातडीचा कोड असलेली चिठ्ठी घ्यायची आणि ११६११७ ला फोन करायचा. ते लोक चार आठवड्यांच्या आत स्पेशालिस्टची वेळ मिळवून देतात. मला अठरा दिवसांत मिळाली. डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला, ट्राम बदलून जावं लागलं, पण मिळाली. तीळ निरुपद्रवी निघाला. रात्री-बेरात्री ताप वगैरे आला तरी हाच नंबर. छातीत दुखलं, अपघात झाला, तर ११२. हे दोन्ही आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव.

पित्ताशयाचं ऑपरेशन तर तुला माहीतच आहे. चार दिवस ॲडमिट होतो, दोघांची खोली. शेजारी एक म्हातारा ट्रामचालक, रात्रभर घोरायचा. पलीकडच्या एकट्याच्या खोलीत प्रायव्हेटवाले गृहस्थ, त्यांना बघायला रोज खुद्द मुख्य डॉक्टर. आम्हाला तरुण डॉक्टरीण. संध्याकाळच्या जेवणाला मात्र दोन्हीकडे तोच थंड पाव नि चीज, त्यात भेदभाव नाही! घरी आल्यावर तीन आठवड्यांनी बिल आलं. उघडताना हात कापत होता, आपल्याकडे डिस्चार्जच्या आधी डिपॉझिटसाठी धावपळ केलेली डोळ्यांसमोर. रक्कम : ४० युरो. दिवसाला १०, बस्स. पगार सहा आठवडे कंपनीच देते, त्याहून लांबलं तर कासे ठरावीक भाग देते. प्रायव्हेटमध्ये असतो तर ती सोयही वेगळी विकत घ्यावी लागली असती.

आणि प्रायव्हेटमधून पब्लिकमध्ये परतण्याचं. आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक काका तरुणपणी स्वस्त म्हणून प्रायव्हेटमध्ये गेले होते. हप्ता वर्षागणिक वाढत गेला, पेन्शन काही तशी वाढेना. पंचावन्नच्या पुढे पब्लिकमध्ये परतणं जवळपास अशक्य. चहा पिताना मला म्हणाले, "मी तेव्हा तीस वर्षांचा होतो, म्हातारा होईन हे खरंच वाटत नव्हतं." तू काय, दोन वर्षांत परत येईन म्हणतोस. मीही तेच म्हणत आलो होतो, नऊ वर्षं झाली.

तेव्हा त्या भाऊंना गोड बोलून कटव. आल्या आल्या तुझ्याबरोबर कासेत येतो, फॉर्म जर्मनमध्ये असतो. मेट्फॉर्मिन तीनेक महिने पुरेल इतकी आण, प्रिस्क्रिप्शन आणि शेवटचा एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट हँडबॅगेत ठेव. ओजसचं लसीकरणाचं कार्ड मनीषाला आजच शोधायला सांग. गोवराच्या दोन्ही डोसांचा पुरावा दाखवल्याशिवाय इथे बालवाडीत घेत नाहीत. मला आईला माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावून व्हॉट्सॲपवर फोटो मागवावा लागला होता, आणि त्यावर डॉक्टरची सही अशी होती की बालवाडीतल्या बाईंनी विचारलं, हे चित्र कसलं?

काकूंना नमस्कार. मेतकूट आणायला विसरू नकोस.

तुझा,
मंदार