उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: पदवीधराचा हिशेब निकालाच्या वर्षीच मिटवू नका

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स.न.वि.वि.

मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. आमचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला संलग्न. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर इथून एका रात्रीच्या प्रवासावर, पण पदवीवर शिक्का त्याच विद्यापीठाचा. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत शिकवण्याच्या जोडीला महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची माहिती भरण्याचे कामही माझ्या गळ्यात पडले. त्यातला पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा. यंदा बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, कुठे लागली, पॅकेज किती, सोबत नियुक्तीपत्राची प्रत. त्यापुढे माजी विद्यार्थ्यांचे योगदान, तेही रुपयांत. पर्याय ठरलेले: ५ लाख किंवा अधिक, मग ४ ते ५ लाख, असे उतरत उतरत १ लाखापेक्षा कमी. आम्ही नेमाने शेवटच्या पर्यायावर खूण करायचो.

त्या तक्त्यात माझा एक विद्यार्थी कधी बसलाच नाही. बी.एस्सी. गणित, पहिला वर्ग. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की तो दशावतारी कंपनीबरोबर गावोगाव असतो. स्त्रीपार्टी करतो. देवळाच्या पडवीत पेटारा उघडायचा, झाकणाला आरसा टेकवायचा, आपला रंग आपणच लावायचा, लुगडे आपणच नेसायचे, आणि लिहिलेली संहिता हाताशी नसताना पहाटेपर्यंत तारामती नाहीतर द्रौपदी उभी करायची. पावसाळ्यात कंपनी बंद असते तेव्हा तो गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. त्याच्या हाताखालून गेलेली मुले आमच्याकडे यायची तेव्हा त्यांना सिद्धता लिहिता यायची, पाठ केलेली नव्हे, समजून लिहिलेली. आता याचे नियुक्तीपत्र कोण देणार? कंपनीचा मालक नाइट देतो ती रोख. मी रकान्यात ‘दशावतारी कलावंत व खाजगी शिकवणी’ असे लिहिले. तक्ता शेरा मारून परत आला: पुरावा जोडलेला नाही, नाव वगळावे.

नॅक केंद्राचे, आणि पदवीधरांच्या पगाराचा मध्यक मोजणारी एनआयआरएफची क्रमवारीही केंद्राची, हे मला ठाऊक आहे. मध्यक हा तर माझ्याच विषयातला. पण त्या तक्त्यांतले आकडे पुढे मुंबईत, आपल्या खात्यात, वेगळ्याच कामाला लागतात. कोणता विभाग ‘चालतो’, कुठली रिक्त जागा भरायची, कुठे तासिका तत्त्वावर भागवायचे, हे ठरवताना ‘या विषयाच्या मुलांना नोकऱ्या कुठे लागतात?’ हा प्रश्न हटकून येतो. मी निवृत्त झालो ती जागा अजून तासिका तत्त्वावरच चालली आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

आपल्या विद्यापीठाला पदवीधरांचा अभिमान नाही असे कोणी म्हणणार नाही. नॅकची समिती यायची असली की भिंतीवर ‘आमची रत्ने’ लागतात: टिळक, गोखले, आंबेडकर, रानडे. फोटो लावायला हरकत नाही. पण या माणसांना त्यांच्या पदवीच्या वर्षी आपल्या तक्त्यात बसवून पाहिले, तर काय दिसते?

गणितापासून सुरुवात करतो, तो माझा हक्क. टिळकांनी १८७७ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. केले. धोंडो केशव कर्वे १८८४ साली एल्फिन्स्टनमधून गणित घेऊनच पदवीधर झाले. त्यानंतर सात वर्षे त्यांचे मुंबईत काय चालले होते? इथल्या तिथल्या शाळांत तास आणि घरोघरी शिकवण्या. तक्त्याच्या भाषेत सांगायचे तर माझ्या दशावतारी विद्यार्थ्याचाच रकाना. १८९१ साली ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. पदवी आणि ते विद्यापीठ यांच्यात ३२ वर्षे आहेत. कोणत्या वर्षीच्या अहवालात ही प्रगती दाखवायची होती?

त्यांचे चिरंजीव रघुनाथराव. तेही गणिताचेच पदवीधर आणि गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. मग १९२७ सालापासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि ते पदरमोड करून. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९१२ साली याच विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेले. खटला ते हरले. तरीही मुंबईत, राजाबाई टॉवरपासून फार दूर नसलेल्या कोर्टात, गणिताचा एक पदवीधर आरोपी म्हणून आणि अर्थशास्त्राचा एक पदवीधर त्याचा वकील म्हणून उभा होता, हे मला त्या टॉवरच्या उंचीपेक्षा मोठे वाटते. प्लेसमेंटच्या हिशेबाने रघुनाथराव म्हणजे हाती असलेली नोकरी घालवलेला माणूस. म्हणजे उणे एक.

भातखंडेंचे उदाहरण तर आणखी अवघड. विष्णू नारायण भातखंडे १८८५ साली बी.ए., १८८७ साली एलएल.बी. काही काळ कराचीत वकिली. इथपर्यंत तक्ता खूश. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून उस्तादांच्या गळ्यात अडकलेल्या चिजा कागदावर उतरवल्या, स्वरलिपी बसवली, राग दहा थाटांत लावले. आज कुठल्याही गावातल्या गायनाच्या क्लासात मूल ‘बिलावल थाट’ म्हणते ते त्यांच्यामुळे. त्या वर्गीकरणावर गवयांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले काही बिनतोडही आहेत. पण पुरावा तपासायचा, उलटतपासणी घ्यायची, परस्परविरोधी साक्षींतून नियम काढायचा, ही कामाची रीत कायद्याच्या अभ्यासातून आलेली असणार असे मला वाटते. विद्यापीठाने त्यांना संगीत शिकवले नव्हते, तरी त्या संगीताच्या कामात विद्यापीठाचा वाटा आहे. तो कोणत्या निकषात मोजणार?

आता एकाच घरातल्या दोन बहिणी पाहा. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला तर खुद्द सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारले. त्या तिथे गेल्या, भांडल्या, अटी पाळून प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. पुढे नीरेतल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या पोषक द्रव्यांवर त्यांनी काम केले. दुसरी बहीण दुर्गाबाई. लोकसाहित्य, झाडेझुडपे, स्वयंपाक, बौद्ध वाङ्मय, काय म्हणून सोडले नाही. आयुष्यभर विद्यापीठाच्या खुर्चीविना अभ्यास. १९७५ साली आणीबाणीत कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. यशवंतरावही मुंबई विद्यापीठाचेच, १९३८ चे बी.ए. तुरुंगवासात प्रकृती खालावलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करू या, असे दुर्गाबाई भर संमेलनात म्हणाल्या, आणि मंत्र्यांच्या समोर म्हणाल्या. पुढे तुरुंगातही गेल्या. एकाच विद्यापीठाचे दोन पदवीधर एका व्यासपीठावर, आणि मधे एवढे अंतर. दोघांचेही फोटो लावा. पण दुर्गाबाईंचे ‘वार्षिक पॅकेज’ विचारू नका.

आपल्या खात्याचा एक जुना कारभारीही यात आहे. आमच्या कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. इथली पदवी घेऊन केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. तिथेच राहिले असते तर मोठे गणिती म्हणून नाव झाले असते. ते परत आले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, १९२१ साली मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि उतारवयात ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर. गणित शिकलेला माणूस आपल्या खुर्चीपर्यंत पोचू शकतो, एवढे तरी गणित विभागाच्या खात्यावर जमा धरावे.

कोणी म्हणेल, ही सारी असामान्य माणसे. सामान्य पदवीधराला नोकरीच हवी असते. बरोबर आहे. माझ्या विद्यार्थ्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची घरे आंबा-काजूवर चालतात, आणि मुलगा पगारावर लागावा असे आईबापांना वाटते त्यात गैर काही नाही. नोकऱ्यांची माहिती जरूर गोळा करा. पण ती निकालाच्या वर्षीच गोळा करून वही मिटू नका. ज्याला पहिल्या वर्षी काही लागले नाही तो पंधराव्या वर्षी काय करतो, हे विद्यापीठाला माहीतच नाही. हे जुने दुखणे आहे. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिले दोघे सगळ्यांना ठाऊक आहेत, एक न्यायमूर्ती, दुसरे संस्कृतचे पंडित आणि पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू. वागळे-मोडकांचे नाव आज किती प्राध्यापकांना सांगता येईल? चौघांपैकी दोघे विसरले, म्हणजे पहिल्याच तुकडीत निम्मा हिशेब बुडाला.

त्यात हे पदवीधर आहेत तरी कोणाचे, असाही घोळ आहे. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघेपर्यंत फर्ग्युसनचा, डेक्कनचा प्रत्येक पदवीधर मुंबईचा होता. धारवाडचा, अहमदाबादचा, बडोद्याचाही मुंबईचाच, आणि १९४७ पर्यंत कराचीचासुद्धा. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर रसायन तंत्रज्ञान विभागातून १९६६ साली इंजिनियर झाले तेव्हा तो विभाग मुंबई विद्यापीठाचा होता. २००८ साली तो वेगळा होऊन आयसीटी ही स्वतंत्र संस्था झाला. भिंतीवरच्या फोटोंसाठी दोन-दोन संस्था दावा सांगतात आणि बाकीच्या हजारोंचा वाली कोणीच नाही.

आणि पदवीधराची सरकारला आठवणच होत नाही, असेही नाही. विधान परिषदेच्या सात पदवीधर मतदारसंघांची निवडणूक आली की मतदार नोंदणीचा नमुना १८ घेऊन कार्यकर्ते दारात उभे. सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडायचे असले की पुन्हा तेच. विधान परिषदेची यादी तर दर वेळी कोऱ्या कागदापासून. म्हणजे पदवीधर शोधण्याची यंत्रणा आहे, माणसे आहेत, पत्तेही मिळतात. मतदान झाले की सगळे गुंडाळून ठेवायचे, एवढेच.

माझे मागणे खर्चाचे नाही. विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकांत, वर्षवार, महाविद्यालयवार पदवीधरांच्या याद्या छापलेल्या आहेत. त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या करा, कराची-धारवाडच्या नावांसकट. आताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, असतोच. त्याच्या आधाराने पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या वर्षी एकदा फोन करून विचारा. हे काम महाविद्यालयातल्या मुलांना उन्हाळ्यात मानधनावर देता येईल, आणि आपल्या गावातला कोण कुठे पोचला हे त्या मुलांनाच कळेल ते वेगळे. नव्या शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती पाडायच्या आहेत म्हणता. त्या भिंती आयुष्यात किती जणांनी आधीच ओलांडल्या आहेत, ते या नोंदींतून दिसेल. आणि तोवर, निदान तोवर, एका वर्षाच्या प्लेसमेंटवरून गणिताची, तत्त्वज्ञानाची, इतिहासाची जागा रिकामी ठेवू नका.

जुन्या याद्या लावायला माणूस हवा असेल तर मी येतो. अक्षर लावता येते आणि वेळही आहे.

राज्याच्या विद्यापीठांकडून आपण मागवाल त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘सध्या काय करतात’. त्यापुढे शब्दमर्यादा नको, पुराव्याची प्रत नको. माझ्या विद्यार्थ्याची नोंद मी पहिल्याच दिवशी पाठवतो. कार्तिकाच्या आत मागवलीत तर बरे, नंतर तो जत्रांना गेलेला असतो आणि दिवसा झोपतो, फोन उचलत नाही.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
जि. सिंधुदुर्ग