गीझरचा हिशेब शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहाचं एनर्जीप्लस मॉडेल (इमारतीच्या ऊर्जावापराचा संगणकावरचा हिशेब) चालू असताना तुम्ही आम्हाला जो वेळ दिलात, त्याचे आभार मानायला हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही सांगितलेलं या कामातल्या प्रत्येकापर्यंत पोचायला हवं.

आमचा प्रश्न एवढाच होता: गीझरची एफिशियन्सी किती धरायची? तुम्ही आकडा दिला नाहीत. "आधी उष्णता कुठे जाते ते बघू," म्हणालात आणि कोरा कागद पुढे ओढलात.

गीझरची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची जवळजवळ सगळी वीज पाण्यात उतरते. म्हणून मॉडेलमधल्या थर्मल एफिशियन्सीच्या रकान्यात 1 च्या आसपासचा आकडा. खरी गळती टाकीच्या अंगातून होते, तिचा रकाना वेगळा. अमेरिकेतल्या एनर्जी फॅक्टरमध्ये, म्हणजे गीझरच्या एकूण कार्यक्षमतेच्या आकड्यात, ही गळती आधीच धरलेली असते. तो पहिल्या रकान्यात घालून दुसराही भरला, तर एकच नुकसान दोनदा मोजलं जातं.

मग गळतीचा आकडा आणायचा कुठून? बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलमागे स्टँडिंग लॉस, म्हणजे पाणी न वापरता होणारी गळती असते: 24 तासांची, पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या 45 अंशांच्या फरकाला. समजा ती 0.54 युनिट आहे. म्हणजे 22.5 वॅट, आणि 45 ने भागले की अंशामागे अर्धा वॅट. इतकं सरळ!

त्यानंतरचं तुमचं उदाहरण मी आता प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. हाच गीझर दिवसभर चालू, पाणी 60 अंशांवर, बाथरूम 25 अंशांचं. रोज 0.42 युनिट नुसतंच जातं. 25 अंशांचं पाणी 40 ला नेऊन 20 लिटरची एक अंघोळ धरली, तर तिला 0.35 युनिट लागतं. खोलीत तिघी राहिल्या तर गळतीसकट एकूण कार्यक्षमता सुमारे 71 टक्के, एकटी राहिली तर 45. पाहुण्यांची खोली रिकामी असेल तर शून्य. यंत्र तेच! वसतिगृहाच्या चर्चेत हे मांडल्यावर गीझर दिवसभर चालू न ठेवता टायमर लावण्याचा मुद्दा कुणाला वेगळा पटवावा लागला नाही.

नळाच्या पाण्याचं तापमान तपासायलाही तुम्हीच लावलंत. ते दिलं नाही तर एनर्जीप्लस 10 अंश धरतं. पुण्यात नळाला इतकं गार पाणी कुठलं! 25 ऐवजी 10 धरलं तर अंघोळीची उष्णता थेट दुप्पट होते. एफिशियन्सीच्या दशांशांवर वाद घालण्याआधी हे बघा, असं तुम्ही किती शांतपणे म्हणालात.

स्वतःचं काम बाजूला ठेवून, आमच्याकडून एक पैसाही न घेता, तुम्ही ओळ न् ओळ तपासलीत. वरिष्ठांनी असं शिकवणं फार मोलाचं आहे, मॅडम.

आता गच्चीवर सोलर जोडायचं आहे. त्यासाठी थरांची टाकी घेतली आहे, म्हणजे वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं दिसेल. मॉडेल झालं की पाठवते. सवडीनं बघाल ना?

मनःपूर्वक आभार.

आपली,
वसतिगृहाच्या मॉडेलवाली