सुलभास पत्र : न जुळवलेली रेघ

प्रिय सुलभा,

दोन वर्षे तुला एक ओळही लिहिली नाही, याची खंत आहेच. प्रकृती ठीक, गुडघा अधूनमधून दुखतो, इतकेच. आज लिहायला बसले, कारण काल अमेरिकेतल्या सांता फे शहराच्या संग्रहालयात झुनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायकांनी घडवलेले जुने घडे पाहिले आणि तेव्हापासून तुझी ती सुरई डोळ्यांपुढून हलत नाही.

एका घड्याच्या गळ्याभोवती काळी रेघ फिरवलेली होती आणि तिची टोके मुद्दाम जुळवलेली नव्हती. तुझ्या सुरईवरची तशीच रेघ, चुकून राहिली असे समजून, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तुला न विचारता मी जुळवून टाकली होती. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस, आणि एवढ्याशा रेघेसाठी एवढा राग कशाला, असे मी सगळ्यांना सांगत फिरले.

1879 पासून सुमारे साडेचार वर्षे झुनी गावात राहिलेल्या फ्रँक कुशिंग या अभ्यासकाने लिहून ठेवले आहे की, तिथल्या बायकांच्या मते घडलेल्या भांड्यात जीव असतो आणि रेघेतली ती मोकळी जागा म्हणजे त्याची बाहेर पडण्याची वाट. नक्षी काढताना त्या गात नसत, बोलल्या तरी कुजबुजत. आवाज भांड्यात शिरला तर भाजताना तो ते फोडून बाहेर पडेल, अशी त्यांची समजूत. आपली अखंड बडबड पाहता आपले एकही भांडे आव्यातून धड निघायला नको होते!

चाक त्यांच्याकडे नव्हतेच. जुनी खापरे दळून त्यांची पूड नव्या मातीत मिसळायची, वळ्या एकावर एक चढवायच्या, पांढऱ्या मातीचा पातळ हात देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे, युक्का या वाळवंटी झाडाच्या पात्याच्या कुंचल्याने काळी-तांबडी नक्षी काढायची आणि मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या उघड्या आव्यात भाजायचे. घडा डोक्यावर नीट बसावा म्हणून तळ आत दबलेला. पोटावर हरणे, आणि प्रत्येकाच्या तोंडातून थेट काळजापर्यंत गेलेली तांबडी रेघ; तिच्यापुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

नेमकी हीच हरणे एका गिऱ्हाइकाला सहा घड्यांवर हवी आहेत आणि मी आगाऊ रक्कम घेऊन बसले आहे. गळ्याची रेघ जुळवली तर ती पुन्हा तीच चूक होईल, आणि उघडी ठेवली तर ज्यांची ही श्रद्धा त्यांच्याकडून ती न विचारता उचलल्यासारखे होईल. तुझ्या सुरईच्या वेळीही मी विचारलेच नव्हते. रक्कम परत करावी, असे मन सांगते. तुला काय वाटते?

मीनूचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. अण्णांना नमस्कार.

ती जागा तू का सोडली होतीस, ते मात्र सविस्तर लिही.

तुझी,
विजू